पाठ बघा, सर!

रोज सकाळी आमच्या दाराची बेल वाजते. दार उघडावं तर समोर माणसाचं तोंड नसतं, पाठ असते. इस्त्रीच्या शर्टातली, रुंद, दार अडवून उभी असलेली पाठ. ती म्हणते, “बघा सर.”

मी वरून खाली बघतो आणि ठरलेली उत्तरं देतो. “झाकण बंद. पिन जागेवर. पट्टे सरळ. काही लोंबत नाही. ओके.” ओके म्हटलं की पाठ जिना उतरायला लागते. तोंड दिसलंच तर खालच्या वळणावर दिसतं, तेही हेल्मेटमध्ये.

आता खरं सांगायचं तर त्या पाठीवर झाकणही नसतं आणि पिनही नसते. जेवणाचा डबा ठेवलेली एक सॅक असते. ही पाठ विमानाकडे निघालेली नसून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, मशीनचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ड्यूटीला निघालेली असते. मी एकदा तसं म्हणून बघितलं. उत्तर आलं, “सवय हाडात मुरायला पायजे, सर. वर गेल्यावर डोकं चालत न्हाय, हाडं चालत्यात.”

हे आमचे समोरच्या फ्लॅटमधले शेजारी, बळवंतअण्णा चौगुले. वय छप्पन्न. कारखान्यात मेंटेनन्स बघतात आणि सुट्टी मिळाली की विमानातून उडी मारायला शिकतात.

मी राजारामपुरीत अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्राचे क्लास घेतो. पडणाऱ्या वस्तूंवर आयुष्यभर गणितं घातली, पण पडणारी वस्तू समोरच राहायला असेल असं कधी वाटलं नव्हतं. मला स्वतःला उंची सोसत नाही. जोतिबाच्या घाटात गाडी वळायला लागली की मी डोळे मिटून चांगभलं म्हणतो. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, ती माझी भक्ती वाटते.

अण्णांना हा नाद लागला त्याला तीनेक वर्षं झाली. मालनवहिनी, त्यांच्या मंडळी, जाऊन वर्ष होत आलं होतं. कंपनीत मशीन बसवायला आलेल्या एका इंजिनिअरनं जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर स्वतःच्या उडीचा व्हिडिओ दाखवला. बाकीच्यांनी तोंडात बोटं घातली. अण्णांनी विचारलं, “पाठीवर ही छत्रीची पिन दिसत्या, ती आपली आपल्याला कशी दिसणार?” इंजिनिअर म्हणाला, “आपल्याला नाहीच दिसत. दुसऱ्यानं बघायची. बघितल्याशिवाय कुणाला सोडतच नाहीत.” त्याच संध्याकाळी अण्णांनी शिकायचं ठरवलं. ही हकिकत त्यांनी मला तेव्हाच सांगितली होती आणि मला त्यात उडी तेवढी दिसली.

शिकायची जागा सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या एका जुन्या धावपट्टीवर. तिथल्या प्रशिक्षकांना अण्णा ‘वस्ताद’ म्हणतात. त्यांना दुसरा शब्द सुचणंही शक्य नव्हतं, कारण तरुणपणी अण्णा तालमीत घुमलेले. “तालमीत काय शिकवत्यात? पाठ लागली की हारलं. हितंबी तेच हाय बघा. पडताना पोट जमनीला, पाठ आबाळाला. पाठ खाली गेली की कारभार आटोपला.” वजन मर्यादेत आणायला सांगितलं तेव्हा मात्र त्यांना वस्तादांचा राग आला. सहा महिने पांढऱ्या रश्श्याची वाटी समोर ठेवायची, नुसता वास घ्यायचा आणि सरकवायची, असा त्यांचा कार्यक्रम चालला. ती वाटी सरकत सरकत आमच्या घरी यायची, त्यामुळे त्या सहा महिन्यांत माझं वजन वाढलं.

मग सराव सुरू झाला. बैठकीतल्या स्टुलावर पोट टेकून, हातपाय वर उचलून, कमरेत कमान करून अण्णा पडून राहत आणि मी समोर उभा राहून त्यांच्या मनगटावरचं उंची मोजायचं घड्याळ बघितल्यासारखं करायचं. जमिनीवर उतरण्याचा सराव जिन्यात. तिसऱ्या पायरीवरून पाय जुळवून, गुडघे वाकवून उडी, आणि खाली अंग एका कुशीवर लोळवून द्यायचं. तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे. आधीच पाचावर धारण बसलेल्या पेशंटांच्या पुढ्यात धाडकन हा माणूस येऊन लोळायचा, उठायचा, हात झाडायचा आणि म्हणायचा, “बसा, बसा.” दोन पेशंट दात तसाच ठेवून घरी गेले. गच्चीवर अण्णांनी जुन्या पायजम्याचा एक पाय काठीला बांधलाय. तो फुगला की वारा किती आणि कुठला ते कळतं. पाय आडवा झाला की अण्णा जाहीर करतात, “आज उडी न्हाय.” उडी नसतेच, पण वाळवण घालणाऱ्या बायकांना उपयोग होतो.

एकदा त्यांनी मला ते घड्याळ दाखवायला जोतिबाला नेलं. पायथ्याला काटा शून्यावर लावला, वर गेल्यावर तो हजार फुटांच्या पुढं. गुलालाच्या दुकानासमोर उभं राहून, खालच्या रानांकडे बघत अण्णा गंभीरपणे म्हणाले, “एवढ्या उंचीवर येऊनबी उघडली नसंल तर लई उशीर झाला. ह्याच्या लई वरच काय ते ठरवायला पायजे.”

दुकानदारानं मान वर केली. “काय उघडली न्हाय, पावणं?”

“छत्री.”

दुकानदारानं निरभ्र आभाळाकडे बघितलं, मग आमच्या दोघांकडे, आणि गुलालाची पुडी न मागता दोन रुपये कमी करून दिली.

पण सगळ्यात गोंधळ घातला तो ‘दुसरी’नं. उडी मारणाऱ्याच्या पाठीवर दोन छत्र्या असतात. पहिली उघडली नाही किंवा वाकडी उघडली, तर ती सोडून द्यायची आणि दुसरी ओढायची. हे शिकल्यापासून अण्णांनी घरात सगळ्याची दुसरी केली. दुसरी किल्ली, दुसरा चष्मा, पायजम्याला दुसरी नाडी. भेटेल त्याला विचारायचे, “दुसरी हाय न्हवं?” आमचे साडू सपत्नीक आले होते. जिन्यात मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवत चढत होते. अण्णांनी वरून विचारलं, “पावणं, दुसरी हाय न्हवं?” साडूंचा चेहरा उतरला. बायकोकडे बघत ते म्हणाले, “तसलं काय न्हाय हो आमच्यात!” अण्णा म्हणाले, “न्हाय? मग पहिली हारवली तर काय करशीला?” त्या दिवशी आमच्याकडचं जेवण फार शांततेत झालं.

त्यांची स्वतःची दुसरी करायचाही प्रयत्न झालाच. गावाकडून चुलतभाऊ आला, चहा घेतला आणि एक स्थळ सुचवलं. मुलंबाळं नाहीत, घर खायला उठतं, म्हातारपणी कोण बघणार, वगैरे सगळं बोलला. मी तिथंच बसलो होतो. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आमच्या वस्तादांचा नियम हाय. पहिली सोडल्याबिगार दुसरी ओढायची न्हाय. दोन्ही एकमेकीत गुततात, आन माणूस खाली येतंय ते सरळ येत न्हाय.”

“अरं, पर वहिनी जाऊन दोन वर्षं झाली की!” चुलतभाऊ म्हणाला.

“ती गेली व्हय. मी कुठं सोडली?” अण्णा म्हणाले आणि कपबशा उचलून आत गेले. चुलतभाऊ माझ्याकडे बघून कपाळाजवळ बोट फिरवून गेला. मीही हसलो.

यंदाच्या उन्हाळ्यात अण्णांची परीक्षेची वेळ आली. आतापर्यंत दोन्ही बाजूंनी प्रशिक्षकांनी धरून उड्या झाल्या होत्या, आता पहिली एकट्याची. बातमी गल्लीत पसरली आणि गल्लीतल्या मंडळानं अण्णा निघायच्या आधीच चौकात फ्लेक्स लावला. ‘आकाशवीर बळवंतअण्णा चौगुले यांनी विमानातून यशस्वी उडी मारल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली मंडळाच्या सगळ्यांचे फोटो, अण्णांच्या फोटोपेक्षा मोठे.

अण्णा परत आले ते विमानात बसूनच खाली आले होते. उडी मारलीच नव्हती.

गल्लीनं एका तासात निकाल लावला. टरकलं म्हातारं! पानपट्टीवर तर अण्णांना विमानातून ढकलायला चार माणसं लागली, तरी त्यांनी दार सोडलं नाही, इथवर गोष्ट गेली. अण्णा मात्र ताठ. मला म्हणाले, “सर, दार उघडायच्या आधी शेवटची पाठ बघायची असत्या. माझ्या मागं बसलेला गडी घाईत. त्यानं थापटलं आन म्हटला ओके. बघितलं न्हाय त्यानं. थापटलेलं आन बघितलेलं पाठीला कळतंय. मी बसलो खाली. वस्ताद म्हटलं, शाब्बास, उडी कुनीबी मारतंय.”

“आणि फ्लेक्सचं काय?”

“ऱ्हाऊ दे की. त्यावर तारीख कुठाय?”

हे सगळं ठणठणीत आवाजात. पण पावसाळ्यासाठी शिबिर बंद होणार होतं, हातात एकच रविवार होता. तो गेला की दिवाळीनंतर पुन्हा डॉक्टरचा दाखला, पुन्हा वजन, पुन्हा स्टुलापासून सगळं. आणि दिवाळीपर्यंत चौकातून जाताना रोज त्या फ्लेक्सखालून जायचं. शनिवारी त्यांनी बेल वाजवली आणि पहिल्यांदाच तोंड माझ्याकडे करून उभे राहिले. “उद्या येता काय माझ्यासंगं?”

मी गेलो. गाडीत अण्णांनी मला एकदाही ‘दुसरी हाय न्हवं?’ असं विचारलं नाही. मला वाटलं, या वेळी खरंच घाबरलेत. तिथं पोचल्यावर त्यांनी अंगात तो एकसंध पोशाख चढवला, पाठीवर ओझं घेतलं. वस्ताद उंच, शांत गृहस्थ होते. त्यांनी अण्णांची पाठ डोळ्यांनी आणि बोटांनी सावकाश तपासली. झाकण, पिन, पट्टे. “ओके,” ते म्हणाले. विमानाचा पंखा फिरायला लागला होता. बाकीचे चढायला निघाले. अण्णा मात्र वळले आणि मी दोरीपलीकडे उभा होतो तिथं आले. आले आणि पाठ केली.

“बघा सर.”

“अहो, वस्तादांनी बघितली की!”

“त्यांनी छत्री बघितली. तुमी माझी पाठ बघा.”

मी बघितली. पोशाखाची कॉलर एका बाजूनं आत दुमडली होती. मी ती बोटानं बाहेर काढून सरळ केली. अण्णा हलले नाहीत.

“मालन रोज दारात थांबवायची,” पाठ बोलायला लागली. “म्हनायची, फिरा तिकडं. कॉलर, सदऱ्याचं टोक, काय चिकटलंय का, सगळं बघायची. मग मी म्हनायचो येतो, ती म्हनायची या. ती गेली त्या वर्षी नवा शर्ट घालून कंपनीत गेलतो. संध्याकाळी काढला तर पाठीवर हे एवढं दुकानचं लेबल. दिवसभर शंभर माणसांतनं हिंडलो, सर. कुनी सांगितलं न्हाय. म्हटलं, आता आपल्या पाठीकडं बघनारं कोन न्हाय. तेवढ्यात त्यो इंजिनिअर आला.”

हा माणूस तीन वर्षं आभाळात कशासाठी चढत होता ते मला त्या क्षणी कळलं, आणि त्याच्यावर केलेले सगळे विनोद मला त्या क्षणी फार आवडले, कारण त्यांत मी त्याच्याजवळ होतो.

“येतो,” अण्णा म्हणाले.

रोजच्या सवयीनं ओके तोंडावर आलं होतं. ते गिळलं. कोल्हापुरात माणसाला कुणी ओके म्हणून वाटेला लावत नाही.

“या,” मी म्हणालो.

अण्णा गेले. विमान इतकं वर गेलं की मला खालून बघतानाच भोवळ आली. मी चांगभलं म्हटलं, पण या वेळी डोळे मिटले नाहीत. पहिला नंबर अण्णांचाच होता. एक ठिपका सुटला. तो पडत होता. त्याचा वेग मला काढता आला असता, पण तेव्हा मला एकही सूत्र आठवत नव्हतं. मग ठिपक्यावर पिवळं काहीतरी फुललं, चौकोनी, सरळ. पहिलीच उघडली होती.

अण्णा ऐटीत वळणं घेत खाली आले आणि शेवटच्या क्षणी वाऱ्यानं जरा ढकललं तशी पाय जुळवून, गुडघे वाकवून त्यांनी दवाखान्यापुढचं लोळण घेतलं. उठून उभे राहिले. छत्री कवेत गोळा करून माझ्याकडे चालत यायला लागले. हसत होते.

“आलात!” मी ओरडलो. दुसरं काही सुचलंच नाही.

“या म्हटलासा की,” अण्णा म्हणाले. “मग यायलाच लागतंय.”

छत्री वस्तादांच्या हातात देऊन, पाठीवरचं ओझं उतरवून ते माझ्यापुढे येऊन फिरले. “बघा, माती लागल्या काय?”

लोळताना लागली होती. उजव्या खांद्यामागं, ओझ्याबाहेर राहिलेल्या जागी, तळहाताएवढी. तालमीतल्या माणसाला ती किती बोचेल हे मला ठाऊक होतं. मी ती हातानं झाडून टाकली.

“लागली होती का?”

“नाही,” मी म्हणालो. “स्वच्छ आहे.”

अण्णा तसेच पाठमोरे उभे राहिले. म्हणाले, “तरीबी आजून थोडी झाडा.”

मी झाडत राहिलो.