राघूने पाणवठा राखला

एका जंगलात एक पाणवठा होता. कुठल्या जंगलात, ते विचारायचं नाही. ऐकायचं तर ऐका, नाहीतर उठा.

त्या पाणवठ्याच्या काठाकाठाने बेडूक बसायचे. दिवसभर डराव डराव. दुसरा उद्योग नाही. हरणं रोजचीच, त्यांना ते हिंग लावूनही विचारत नसत. पण वाघ दबकत आला, की त्या बाजूचे बेडूक पाण्यात उड्या टाकत आणि गप्प होत.

म्हणून जंगलातल्या आया पोरांना शिकवत, "आवाज आहे तोवर पी. आवाज थांबला की पळ."

एखादा बेडूक झोपला, एखादा सापाने गिळला, तरी काही अडत नसे. बाकीचे ओरडतच असत. आणि सगळेच गप्प झाले, तर सगळेच पळत. उगीच पळाले तर पळाले. पाय दुखायचे, पण मान शाबूत राहायची. वाघाच्या मात्र बरगड्या दिसू लागल्या होत्या.

ही सोय लावली कोणी? कोणीच नाही. बेडकांना विचारलं तर म्हणत, "आम्हाला काय ठाऊक? घसा आहे, ओरडतो."

आता त्या जंगलाचा राजा होता हत्ती. त्याला या आवाजाने दुपारची झोप लागेना. त्याने कोल्ह्याला बोलावलं. कोल्हा दूरच्या जंगलातून चार शब्द शिकून आला होता. त्यातला एक शब्द होता सिस्टीम.

"महाराज, आपली सिस्टीम जुनाट आहे," कोल्हा म्हणाला. "वाघ नाही, वाघ नाही, हे सांगायला दिवसभर बोंबलायचं? वाघ आला की तेव्हाच ओरडेल, असा एकच हुशार गडी ठेवू. बाकी वेळ शांतता."

हत्तीने त्यातला शांतता एवढाच शब्द ऐकला आणि सोंड हलवली.

झालं. बेडकांना पलीकडच्या डबक्यात हाकललं. जांभळीवर राघू बसवला. चाचणीसुद्धा घेतली, बरं का. कोल्ह्याने अंगावर चिखलाचे पट्टे ओढले, राघूला डोळा मारला आणि डुलत डुलत आला. "वाघ! वाघ!" राघू ओरडला. टाळ्या पडल्या. मोर नाचला. त्याला काय, निमित्तच लागतं.

तिथे ठिपकी नावाची हरिणी होती. पायाशी तान्हं पाडस. ती म्हणाली, "कोल्होबा, राघूभाऊंना डुलकी लागली तर?"

"लागेल कशी? त्याच्या कामात झोप धरलेलीच नाही."

"अन् वाघानं आधी त्यांचाच गळा धरला तर?"

"तर तो ओरडून सांगेल की!"

सगळे हसले.

मग सुधारणा सुरू झाल्या. तुमच्या त्या मोबाइलात नाही का, रोज नवं काहीतरी येतं आणि जुनं चालेनासं होतं? तसंच. माकड म्हणालं, "एवढा हुशार राघू, नुसता वाघच काय सांगतो?" मग राघू आंबे कुठे पिकले ते सांगू लागला. मग महाराज उठले की वर्दी देऊ लागला. मोराच्या नाचाची दवंडीही त्याच्याच गळ्यात पडली.

इकडे ठिपकीचे हाल. पाणवठ्यावर जावं तर सगळं शांत. शांत म्हटलं की तिचे पाय आपोआप पळत. पाडस रोज कोरडंच परत येई.

"अगं वेडे," म्हातारी सांबरीण तिला म्हणाली, "शांत आहे म्हणजे सगळं ठीक आहे. नवा नियम कळत नाही का तुला?"

"डोक्याला कळतो, काकू. पायांना कळत नाही."

शेवटी पाडसाची जीभ लोंबायला लागली. मग ठिपकी त्याला घेऊन डबक्यावर गेली. पाणी हिरवं, वर घाण वास. पण डराव डराव चालू होतं. पाडस नाक मुरडत पोटभर प्यालं.

त्याच दुपारी राघूच्या चोचीत आंबा होता. चाखल्याशिवाय गोड कुठला ते सांगणार कसं? वाघ आला. राघूने पाहिलं. ओरडायला गेला, तर फोड घशात अडकली. पाणवठ्यावर छान शांतता. सांबरीण निवांत पाणी पीत होती. मग वाघ निवांत जेवला.

पुढे वाघ रोजच येऊ लागला. कधी राघू महाराजांच्या वर्दीला गेलेला असे. कधी मोराची दवंडी चाललेली असे. कधी चक्क झोपलेला असे, कामात धरलेली नसताना.

उन्हाळा सरला. हत्तीने सभा भरवली. "नव्या सिस्टीमबद्दल कोणाची तक्रार?"

कोणी बोललं नाही. बोलणारे वाघाच्या पोटात होते.

"बघा महाराज!" कोल्हा म्हणाला. "बेडकांच्या काळात रोज कुरकुर. यंदा तक्रार म्हणून एक नाही!"

वाघ मुद्दाम सभेला आला होता. चांगला गोलमटोल झाला होता. म्हणाला, "सगळ्यात जास्त वापर मीच केला. फार सोयीची आहे. अशीच चालू ठेवा."

राघूच्या गळ्यात हार पडला.

तिकडे डबक्यावर पाडस म्हणालं, "आये, कान किटले गं या बेडकांनी."

"किटू दे, राजा," ठिपकी म्हणाली. "कान जागेवर आहेत म्हणून किटतात."

तात्पर्य : पोरांनो, सिस्टीम अशी बांधावी, की बिघडली तरी तिचा आवाज होऊ नये. म्हणजे ती बिघडली असं सांगायलाही कोणी मागे उरत नाही. उठा आता. आणि जाताना चांगला गोंगाट करत जा, म्हणजे मला निवांत झोप लागेल.