दहावं गाणं

सलीलचं परीक्षण सकाळी आठला वेबसाइटवर आलं आणि आठ चाळीसला संपादक लीनादींचा फोन आला.

"'उल्टो छाता'च्या अल्बममध्ये गाणी किती रे?"

"दहा."

"यादीत नऊच आहेत. दुपारपर्यंत मला दहावं ऐकव, नाहीतर नोकरीत कायम व्हायचं विसर."

भौतिकशास्त्रात एमएस्सी करून सलील संगीतसमीक्षक व्हायला निघाला होता. त्यासाठी बाबांनी, म्हणजे श्यामकांतांनी, तीन महिन्यांची मुदत दिली होती. हा शेवटचा आठवडा होता.

'उल्टो छाता', म्हणजे उलटी छत्री, हा बंगाली बँड सतरा वर्षांनी परतला होता. साठीची चार माणसं त्यात गिटार, शिवणयंत्र, ट्रामची घंटा आणि बादली वाजवत. सगळ्या समीक्षकांनी अल्बम झोडपला होता. सलीलनंही नऊ गाण्यांना 'दमलेली' म्हटलं होतं. दहाव्यावर मात्र त्यानं तीन परिच्छेद लिहिले होते: 'लोखंडी किणकिणाट जाणूनबुजून ताल सोडतो. शिट्ट्यांमधलं अंतर आधी सत्तेचाळीस सेकंद, मग बेचाळीस. दाब वाढतो आहे. हे या शहराचं गाणं आहे.'

"आणखी एक," लीनादी म्हणाल्या. "इतर दोन समीक्षकांनी आत्ताच आपली परीक्षणं बदललीत. त्यांनाही दहावं फार आवडलंय."

सलीलनं घरचा टॅब उघडला. गाणी नऊच होती. नववं संपल्यावर टॅब आपणहून पुढच्या रेकॉर्डिंगवर गेला होता. त्याचं नाव होतं, 'वृंदा, लेझीम सराव, मंगळवार'.

"आई! हे काय आहे?"

"मंडळाच्या मिरवणुकीचं. तिथल्या मंजुषाला पाठवायचं होतं. ती म्हणते, मी चौथ्या ठोक्याला चुकते."

"चुकतेसच. मी छापलंय ते! आणि या शिट्ट्या?"

"तूरडाळ. चोवीस वर्षं खातोयस, ओळखली नाहीस?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात बँडचे म्होरके शंखदा उभे होते. लीनादींकडून पत्ता घेऊन ते थेट बालीगंजच्या घरी आले होते.

"दहावं गाणं कुठाय?"

"शंखदा, माझी चूक झाली."

"तुझी कसली? आम्हीच एक विसरलो असणार. बादलीवाला म्हणतो, त्यात त्यानं वाजवलंय. गिटारवाला म्हणतो, चाल त्याची आहे. कालपर्यंत दोघं नीट बोलत होते."

सलीलनं निमूटपणे रेकॉर्डिंग लावलं. शंखदांनी डोळे मिटले. पहिल्या शिट्टीला त्यांची मान हलली. तिसरीला ते उठून उभे राहिले.

"कोण वाजवतंय हे?"

"मी," वृंदाताई हात पुसत म्हणाल्या. "पण ते चुकलंय हो. थांबा, नीट करून देते."

"खबरदार, बौदी!" शंखदांनी बंगालीत 'वहिनी' म्हणत दटावलं.

दुपारी सलीलनं लीनादींना गाणं ऐकवलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. शंखदांनी ते अल्बममध्ये घेतलंय, हेही सांगितलं.

लीनादींनी ते पुन्हा एकदा ऐकलं. "गाणं खरंच चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "तुझे कान तयार आहेत."

"मग मी कायम?"

"बँडमध्ये तुझी आई आहे, सलील. घरच्या माणसावरचं परीक्षण आमच्याकडे चालत नाही. ते काढावं लागेल."

"परीक्षण?"

"आधी परीक्षण. मग तू."

संध्याकाळी बँकेतून आल्या आल्या श्यामकांतांनी विचारलं, "काय, मुदत संपत आली. आता पुढे काय?"

वृंदाताईंनी लेझीम खुंटीला अडकवली.

"शनिवारी आमची तालीम आहे," त्या म्हणाल्या. "शंखदांना शिट्ट्या मोजायला माणूस हवाय. एमएस्सी असला तर बरंच, म्हणाले."