कारंगी नदीचे पाणी निवळले ते वर्तमान

श्रीजलदेवता प्रसन्न. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतीनाम संवत्सरी, वैशाखमासी कारंगी नदीवर जे घडले ते सज्जनी ऐकावे.

नदीच्या वरल्या अंगास रंगारियांची पेठ आणि खाली सोनखेड गाव. पेठेतील रंगाचे पाणी नदीत जाई आणि सोनखेडची गुरे मरत, मग दोन्हीकडील डोकी फुटत. सबब दरबारचे कारभारी विसाजीपंत यांनी मसलत दिल्ही आणि सरकारांनी हुकूम केला, की पेठेने खड्डे खणावे, रंगाचे पाणी त्यांत निवळवावे, मगच सोडावे. पुढे हुकुमाचा गुण आला की नाही हे पाहावयास पंतांसच रवाना केले आणि बजाविले, "गुण नसेल तर पेठ उठवावी." पावसाळियांत सर्वच मळ वाहोन जातो, म्हणोन पंत ऐन वैशाखात, वर्दी न देता आले. पेठेखाली पाणी स्वच्छ पाहोन संतोष पावले आणि मग सोनखेडास उतरले, तो पाणी तांबडे! पाटील राणोजी माणसे जमवून, कुऱ्हाडी घेऊन उभे. म्हणाले, "पंत, तुमचा हुकूम कागदावरच राहिला. आज आम्ही पेठ मोडणार." पंत हात जोडोन बोलिले, "सांजपर्यंत कळ काढा, आणि मजबरोबर चला." मग दोघे काठाकाठाने वर गेले, आणि पाहतात तो शेजारच्या परगण्यातून ओढा येतो, तोच तांबडा. कित्येक रंगारी शीव ओलांडोन तेथे जाऊन बसले होते. त्यांचा म्होरक्या भिकाशेट पुढे येऊन म्हणाला, "महाराज, पेठेत खड्ड्यांस जागा कोठे? पोटासाठी इकडे आलो. इकडे हुकूम नाही." पंत म्हणाले, "खरे. हुकूम पेठेपुरता केला, आणि नदी तर दोन्ही परगण्यांची." राणोजींनी गावी परतोन माणसांस माघारी लाविले. मग पंतांनी दरबारी अर्ज करोन हुकूम दोन्ही परगण्यांस लागू करविला आणि खड्ड्यांस गायरानातील जागा देवविली.

पुढील वैशाखी पंत पुन्हा सोनखेडास आले, मनांत धाकधूक बहुत. डोहात मासे फिरत होते आणि तळ दिसत होता. राणोजींच्या सुनेने तांब्या भरोन पुढे केला. राणोजी हासोन बोलिले, "प्या पंत, आम्ही रोज पितो." पंत प्याले आणि पागोटे काढोन वाळूत मटकन बसले. म्हणाले, "पाटील, वर्षभर धड झोप नाही. अंमळ येथेच पडतो." आणि निजले, ते सांजेपर्यंत त्यांस कोणी उठविले नाही.

पेठ राहिली, गावही राहिले, हुकुमास गुण आला. इतके वर्तमान जाहले ते लिहिले. वाचणाराचे पाणी सदा गोड असो.