सेनापतीच्या मिशा

हिंमतराव पाटील अजून गेले नव्हते, आणि गावचा न्हावी सकाळपासून तिसऱ्यांदा ओट्यावर येऊन बसला होता. त्याने धोपटी मांडीवर घेतली, बिडी पेटवली आणि हिंमतरावांच्या थोरल्या मुलाला, उखाला, हळूच विचारलं, "काय भो, थांबू का जाऊ?"

"थांब जरा. वैद्य म्हने, आज काही खरं नही."

"मन्हं काय, मी बठस. पन त्यास्नं काय करानं?" न्हाव्याने हनुवटीने आत खूण केली.

आत बापाच्या खाटेशी धाकटा पितांबर बसला होता. तापीकाठच्या त्या पाच-सहा गावांत कुणाच्या नसतील अशा त्याच्या मिशा होत्या. गालावरून कल्ल्यांना भिडलेल्या, टोकं वर वळवलेल्या, चार महिने खोबरेल चोळून वाढवलेल्या. बाप गेला की मुलांनी मिशा उतरवायच्या, हे गावात कुणी कुणाला सांगत नसे. पितांबरलाही ते ठाऊक होतं. मुंबईला बापाच्या आजाराची तार मिळाल्यापासून त्याला घोर लागला होता. त्यातला बापासाठी किती आणि मिशांसाठी किती, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

पितांबर मुंबईला एका सिनेमा कंपनीत महिन्याच्या पगारावर नट होता. अकरा वर्षं झाली होती. मूकपट होते तेव्हा तो भाला धरून उभा राहायचा. बोलपट आले तरी तो भालाच धरून उभा होता, फक्त आता आवाज न करता उभं राहावं लागे. एका चित्रात राजाला पाण्याचा पेला देणारा हात त्याचा होता. ते चित्र नंदुरबारला तंबूत आलं, तेव्हा तो गावी राहणाऱ्या बायकोला, शोभाबाईला, मुद्दाम घेऊन गेला. विळ्याच्या जुन्या वणावरून तिने हात ओळखला. दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं धुताना तिने बायांना कौतुकाने सांगितलं, "आमना त्या दिसनात."

"कितला दिसनात?"

"मनगटलोंग."

आणि आता अकरा वर्षांनी त्याला सेनापतीचं काम मिळालं होतं. तीन वाक्यं होती. तलवार घेऊन गडाच्या पायऱ्या चढायच्या, वर लढायचं, घायाळ होऊन त्याच पायऱ्या उतरायच्या, तीन वाक्यं बोलायची आणि मरायचं. चढण्याचं काम झालं होतं. तेवढ्यात नायिकेला ताप आला आणि उतरण्याचं पंधरा दिवस पुढे गेलं. खोट्या मिशांची त्या कंपनीत बंदी होती, कारण मागे एका लग्नाच्या प्रसंगात नवऱ्या मुलाची मिशी गळून पंगतीतल्या भातात पडली होती. पितांबर गावी निघाला तेव्हा दिग्दर्शकाने त्याला थांबवून सांगितलं होतं, "चढताना ज्या मिशा आहेत, त्याच उतरताना हव्यात. एक केस कमी झाला तर तू पुन्हा भालेकऱ्यांत."

दुपारी खाटेजवळ कुणी नाही असं पाहून पितांबर बापाच्या कानाशी वाकला.

"आबा, पंधरा दिन थांबता येई का?"

हिंमतरावांनी डोळे उघडले. "कायले?"

पितांबरने सगळं सांगितलं. पायऱ्या, तलवार, मिशा. हिंमतराव ऐकत राहिले. मग म्हणाले, "मंग वर जाईसन तू काय करस?"

"लढस. आनि उतरता उतरता मरस."

"म्हंजे तू मरशी म्हनीसन मी जगू?"

हिंमतरावांनी छताकडे पाहिलं. त्यांची बायको भिकुबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून भाजीत मीठ कमी आहे का जास्त, हे सांगणं त्यांनी सोडलं होतं. पुढ्यात येईल ते खायचे आणि हात धुवायचे. आजारी पडले तेव्हा ते घाबरले नव्हते, उलट आवराआवर केल्यासारखे दिसत होते.

"पंधरा दिन ना?" ते म्हणाले. "देखू. तुन्ही माय दोन वरीस थांबेल शे, आखो पंधरा दिन थांबी."

आणि ते जगायच्या कामाला लागले. निंदणीचं शेत समोर पडलेलं असावं आणि मजूर आलेला नसावा, तसे लागले. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून पेज मागितली. दुसऱ्या दिवशी गुळाचं पाणी घेतलं. वैद्याने आपल्या मात्रेचा गुण म्हणून गावभर सांगितलं. न्हावी धोपटी घेऊन घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी सवयीने परत आला.

तिसऱ्या दिवशी तळोद्याहून पितांबरची बहीण तुळशीबाई आली. बैलगाडी शिवेवर येताच तिने गळा काढला होता. "आबा वं, माले टाकीसन कोठे गयात वं," असं म्हणत ती छाती बडवत आत शिरली.

"कोन रडी ऱ्हायनं?" खाटेवरून आवाज आला.

"तुळशी शे, आबा," पितांबर म्हणाला.

"तिले सांगा, अजून बारा दिन शेतस."

तुळशीबाईचं रडणं मध्येच थांबलं. त्यानंतर दोन दिवस तिला उचकी लागली होती.

एकेक करून सगळे पाहुणे जमले. कुणी शहाद्याहून, कुणी प्रकाशाहून. आल्यावर परत जाणं बरं दिसेना, आणि थांबावं तर कपाशीची वेचणी तोंडावर आलेली. घरात दोन्ही वेळेला वीस-बावीस माणसांच्या भाकरी थापल्या जात होत्या. थोरली सून छबूबाई पिठाच्या डब्यात हात घालून बसल्या बसल्या म्हणायची, "जित्या मानूसना दहावा पहिल्यांदा देखी ऱ्हायनू." पाहुणे हसायचे, मग पितांबरच्या मिशांकडे पाहायचे; बापाने पंधरा दिवस कशासाठी कबूल केले, ते आता घरभर झालं होतं.

दहाव्या दिवशी उखाने भावाला गोठ्यात गाठलं.

"तुन्ह्या मिश्यास्नापायी बाप अडकी ऱ्हायना."

"मी काय धरी ठेयेल शे का त्यासले?"

"धरी नही ठेये. पन पंधरा दिन कोनी मांगात? त्यास्नी पाठ देखी का तू? सोलाई गयी शे. कूस बदलताना गोधडीना कोपरा दातमा धरतस. तुन्हा समोर नही धरतस, मन्हा समोर धरतस."

पाठ पितांबरने पाहिली नव्हती. बाप त्याच्यासमोर नेहमी उताणाच असे.

"पाचच दिन, दादा," तो म्हणाला.

"बाप शे तो. गाडीना बैल नही, का आखो एक कोस हाकी लिऊ."

चौदाव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. पितांबरने ते उकिरड्याच्या मागे उभं राहून वाचलं. व्यवस्थापकाने चांगल्या अक्षरात लिहिलं होतं की, नायिकेची प्रकृती लक्षात घेता कथा थोडी आटोपती घेण्यात आली आहे. सेनापती पायऱ्या चढून वर गेल्यानंतर पुढे त्याचे काय झाले, हे दाखवण्याची आता गरज उरलेली नाही. प्रेक्षकांच्या ते लक्षात येईल असे वाटत नाही. आपण सवडीने यावे. भालेकऱ्यांत जागा राखून ठेवली आहे.

शोभाबाई मागे येऊन उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं तोंड वाचता येत होतं.

"काय लिखेल शे?"

"सेनापती वरच ऱ्हायना."

"म्हंजे?"

"उतरनाच नही."

शोभाबाईने थोडा विचार केला. "मंग तो वर काय करी ऱ्हायना?"

"माले काय माहीत!" पितांबर एवढ्या मोठ्यांदा ओरडला की उकिरड्यावरच्या कोंबड्या उडाल्या. मग तो तिथेच दगडावर बसला. अकरा वर्षांत कामापायी तो कधी रडला नव्हता. आताही त्याला रडायला आलं नाही, नुसतं नाक वाहायला लागलं आणि ते मिशांत उतरलं.

"आबासले सांगी द्या," शोभाबाई म्हणाली. "सुटतीन बिचारा."

"काय सांगू? काम गयं म्हनी सांगू, त पोऱ्यानं वाटोळं व्हयनं म्हनत जातीन. काम व्हयी गयं सांगू, त लगेच जातीन."

शोभाबाईने पत्र त्याच्या हातातून घेऊन पदराच्या टोकाला बांधलं.

पंधरावा दिवस उजाडला. हिंमतरावांनी विचारलं, "आज जास ना मुंबईले?"

"आखो आठ दिन लांबनं, आबा," पितांबर म्हणाला.

हिंमतरावांनी डोळे मिटले. पितांबरला वाटलं, आता संपलं. मग ते म्हणाले, "पेज आन."

आता त्या मिशांचा जगात कुणालाच उपयोग नव्हता. तरी पितांबर रोज सकाळी खाटेसमोर आरसा घेऊन बसायचा, खोबरेल लावायचा, टोकं वर वळवायचा. बाप पाहायचा. मिशा आहेत तोवर काम बाकी आहे, आणि काम बाकी आहे तोवर बाप आहे. असं आठ दिवस चाललं. हिंमतराव रोज थोडे थोडे कमी होत गेले. पेज दोन घोटांवर आली. आता पितांबरसमोरही ते गोधडीचा कोपरा दातात धरू लागले.

तेविसाव्या दिवशी, जेवणं व्हायच्या आधी, त्यांनी पितांबरला जवळ बोलावलं.

"मी काय मुंबईले देखाले येस का? आठेच, मन्हा समोर दखाड. कसा मरस ते."

"आबा, तुमले तरास व्हई."

"माले? मरनारा तू शेस ना?"

पितांबर उठला. घरात माळ्यावर जायची लाकडी शिडी होती. कोपऱ्यातली बैल हाकायची पराणी त्याने तलवार म्हणून हातात घेतली. शोभाबाईने सासऱ्यांच्या डोक्याखाली दुसरी उशी सरकवली आणि बाजूला झाली. पितांबर शिडी चढला. कॅमेऱ्यापुढे चढला होता त्याहून चांगला चढला. वर कांदे आणि बियाण्याच्या कणग्या होत्या. तिथे तो क्षणभर थांबला. सेनापतीचं पुढे काय झालं ते दाखवायची गरज नाही, असं कंपनीने ठरवलं होतं. पितांबर उतरायला लागला.

एक पायरी उतरला आणि त्याने कूस धरली. दुसऱ्या पायरीवर गुडघा वाकला. "महाराज, गड राखला!" तो म्हणाला. तिसऱ्या पायरीवर पराणी हातातून सुटली. "दरवाजा उघडू नका!" हिंमतराव मान न हलवता पाहत होते. त्यांचे ओठ थोडे उघडे होते. शेवटच्या पायरीवर पितांबरने अकरा वर्षांचा सगळा आवाज काढला. "माझ्या बापाला सांगा, मी पाठ दाखवली नाही!" आणि मोठी किंकाळी फोडून तो जमिनीवर कोसळला.

किंकाळी अंगणात ऐकू गेली. तुळशीबाईच्या हातातून तांब्या पडला. "आबा गयात वं!" वीस दिवस दाबून धरलेलं रडणं एकदम बाहेर आलं. तिच्यामागे छबूबाईने सूर धरला, आणि मग सगळ्या बायांनी. दोघे पाहुणे बांबू तोडायला धावले. न्हाव्याने धोपटी उघडून वस्तरा दगडावर ओढायला घेतला. उखा "आबा, आबा" करत दारातून आत आला आणि जमिनीवर आडव्या पडलेल्या भावाला अडखळून त्याच्यावरच पडला.

"आबा नही वं!" शोभाबाई ओरडली. "आमना ह्या मरनात! सिनेमाना शे हाई!"

"काय?"

"सिनेमामा मरतस तसा मरनात. आबासनीच सांगं, मरी दखाड म्हनीसन."

तुळशीबाईचं रडणं पुन्हा मध्येच थांबलं, पण या वेळी उचकी न लागता हसू फुटलं. छबूबाई पदर तोंडाला लावून खाली बसली. उखा भावाच्या छातीवरून उठला, त्याच्या मिशांकडे पाहिलं आणि तोही हसला. "हत् मन्हा भो! काय मरना रे तू! मन्हाच जीव गयता." बांबूवाल्यांना कुणी तरी हाक मारून परत बोलावलं. तेवीस दिवसांत त्या घरात पहिल्यांदा सगळे एकदम हसत होते.

"ऊठ आते, व्हयनं तुन्हं," उखा म्हणाला.

पितांबर उठला नाही. आपलं काम चांगलं झालं, हे त्याला कळलं होतं. अकरा वर्षांत एवढं चांगलं काही झालं नव्हतं. पण ते दादाकडून किंवा पाहुण्यांकडून त्याला ऐकायचं नव्हतं. डोळे मिटून, हात पसरून तो खाटेकडून आवाज यायची वाट पाहत होता.

हसणं थांबत गेलं. आधी खाटेजवळची शोभाबाई गप्प झाली, मग तुळशीबाई, मग दारातले पुरुष. पितांबरने एकेकाचं थांबणं ऐकलं. शेवटी घरात इतकी शांतता झाली की, अंगणात कलंडलेल्या तांब्यातलं पाणी गळताना ऐकू येत होतं.

"पितांबर," उखा वेगळ्याच आवाजात म्हणाला. "ऊठ, भाऊ."

तरी पितांबर तसाच पडून राहिला. बघणारा काही तरी बोलल्याशिवाय मेलेल्याने उठायचं नसतं.