तरोट्याची कॉफी

वासूभाऊंची कॉफी तयार झाली की शिट्टी वाजायची. खरीखुरी, पितळी, कंडक्टरची शिट्टी. वासूभाऊ आधी एसटीत कंडक्टर होते, मग देवळीच्या बसस्टँडवर कंट्रोलर झाले, आणि निवृत्त झाले तेव्हा शाल-नारळासोबत ही शिट्टीही घरी घेऊन आले. शेतात तंबूंच्या मधोमध उभे राहून ते शिट्टी फुंकायचे आणि स्टँडवरच्या त्या नाकातल्या आवाजात सांगायचे, "हिंगणीवरून सुटणारी कॉफी फलाटावर लागलेली आहे. प्रवाशांनी आपापले कप घेऊन यावे. नंतर तक्रार चालणार नाई."

हा किस्सा मी लग्नाच्या पंगतीत सांगितला आहे, बारशात सांगितला आहे, एकदा तर तेरवीच्या जेवणातही सांगितला. लोक पोट धरून हसले. पण सांगताना मी दर वेळी एक गोष्ट गाळत आलो. आता ती घालून सांगतो.

वर्ध्यात आमची घरं शेजारी-शेजारी आहेत, मध्ये फक्त एक रिकामा प्लॉट. दर हिवाळ्यात आम्ही दोन-चार घरची माणसं बोर धरणाकडे, हिंगणीजवळ वासूभाऊंच्या साळ्याच्या शेतात तंबू ठोकून राहायचो. दुपारी रोडगे व्हायचे. गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे गोळे खरपूस भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, आणि मग आंब्याखाली आडवं व्हायचं. सगळे घोरायला लागले की वासूभाऊंचं काम सुरू होई. रोडगे काढून झाल्यावर उरलेल्या धगीत ते एक पितळी गंज, म्हणजे उभट पातेलं, गळ्यापर्यंत पुरायचे, वर झाकण, झाकणावर राख. कॉफी तिथे दुपारभर मुरायची.

माझ्या पुतण्याने एकदा छोटी गॅसची शेगडी आणली होती. वासूभाऊंनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि परत दिली. "याच्यावर आमलेट कर बाप्पा. गॅसवरची कॉफी म्हणजे विनाथांबा गाडी. पोचते लवकर, पण मधातलं एक गाव दिसत नाई."

त्यांचे नियम फार. गंज उघडून पाहायचा नाही. चमचा घालायचा नाही. स्टीलचा पेला चालणार नाही, ओठ भाजतो. कागदी कप चालणार नाही, कागदाची चव लागते. म्हणून चिनीमातीचे कप ते जुन्या खाकी पँटच्या पायांत गुंडाळून आणायचे. गंज काढायच्या आधी त्यात गार पाण्याचा एक हबका मारायचा, म्हणजे चोथा खाली बसतो. हे पाणी ताजं, विहिरीचंच हवं आणि ते स्वतःच आणायला हवं. विहीर शेताच्या पार दुसऱ्या टोकाला. ते बादली घेऊन निघाले की गंजाजवळ राखण करायला मी. हे ध्यानात ठेवा.

सगळ्यात मोठी गंमत म्हणजे ती कॉफी नव्हतीच. तो तरोटा होता, म्हणजे टाकळा. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला माजतो, कोवळ्या पानांची आपण भाजी करतो, तोच. दिवाळीच्या सुमारास त्याच्या शेंगा वाळल्या की वासूभाऊ मधल्या प्लॉटातून पिशवीभर बिया काढायचे, लोखंडी तव्यावर काळ्याभोर होईपर्यंत भाजायचे आणि कुटायचे. कमलवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कॉफीचं भारी वेड. रामेश्वराच्या यात्रेत एकदा प्याल्या आणि तिथेच अडकल्या. पुढे हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी चहा-कॉफी दोन्ही बंद केली. तेव्हा कुणीतरी वासूभाऊंना सांगितलं, भाजलेल्या तरोट्याला कॉफीसारखा वास येतो.

वास येतो, हे खरं. चवीबद्दल मी इतकंच सांगेन की करपलेली भाकर गरम पाण्यात भिजवून ते पाणी प्यायलं तर जवळपास पोचता येईल.

वासूभाऊंना ते कळत नव्हतं. आयुष्यभर खर्रा चघळून सुपारी-तंबाखूने त्यांची जीभ केव्हाच निकामी झाली होती. त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. म्हणायचे, "कॉफीची चव आपल्या जिभेवर नाई पाहा लागत, पेणाऱ्याच्या तोंडावर पाहा लागते." आणि ते खरंच पाहायचे. कप हातात दिला की समोर उकिडवे बसून तोंड निरखायचे. आम्ही 'छान' म्हणायचो आणि त्यांची पाठ वळली की उरलेलं मातीत ओतायचो. कमलवहिनी मात्र शालीत हात गुंडाळून शांतपणे पूर्ण कप संपवायच्या आणि म्हणायच्या, "आज मस्त लागली. अजून हाये का?"

त्या गेल्या. पुढच्या हिवाळ्यात वासूभाऊ गंज घेऊन तयार होते.

त्याच वर्षी माझा जावई पुण्याहून मित्रांना घेऊन आला. बुटांपासून टोपीपर्यंत सगळं महागाचं, बोलण्यात सारखं कॉफीचं पुराण. ही माणसं वासूभाऊंचं ते काळं पाणी पिणार आणि जावई त्यांच्यादेखत माझ्याकडे पाहणार, या विचाराने मला घाम फुटला. हिंगणीच्या दुकानातून मी झटपट कॉफीची पुडी आणली. वासूभाऊ विहिरीकडे वळले, तसं मी झाकण उचललं आणि अख्खी पुडी गंजात रिकामी केली.

शिट्टी वाजली. पुण्याची मंडळी प्याली आणि एकमेकांकडे पाहायला लागली. "काका, कसली कॉफी आहे ही? धुराचा काय सुंदर वास आहे." वासूभाऊ एकेकाचं तोंड पाहत राहिले. मग दुसरीकडे मान वळवून हळूच म्हणाले, "आमच्या कमललेबी लय आवडे."

तिथेच बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. उलट पुढच्या खेपेला पाहुणे आले, पुन्हा पुडी. मग दर वेळी पुडी. वासूभाऊंची कॉफी नावारूपाला आली, लोक विचारत यायचे, आणि खरं सांगायचं तर मला आतून मजा वाटायची. किल्ली माझ्या खिशात होती.

मग वर्ध्यात खाद्यमेळा भरला आणि वासूभाऊंनी मला न विचारता एक स्टॉल घेतला. गोवऱ्या घालायला घमेलं, तोच गंज, इस्तरी केलेली खाकी पँट, गळ्यात शिट्टी. पाटीवर 'कमलची कॉफी'.

माझ्या खिशात पुडी होती. पण तिथे पाण्याचा डबा स्टॉलवरच होता. वासूभाऊ गंजापासून हलेनात. मी म्हटलं, "वासूभाऊ, चाय पिऊन या, मी पाहतो."

"आज नाई. आज गाडी सोडून कंट्रोलर कुठी जात असते का?"

शिट्टी वाजली. पहिल्या घोटाला एक माणूस खाली थुंकला. एक बाई नाक मुरडून म्हणाली, "काढा हाये का हा, काका? पोट साफ व्हायचा?" कॉलेजची पोरं एकमेकांना पाजून हसायला लागली. आणि वासूभाऊ नेहमीप्रमाणे प्रत्येकाचं तोंड पाहत होते. एक एक, सगळी तोंडं.

गर्दीतल्या ओळखीच्या एका गृहस्थाने मला विचारलं, "तुमचे मित्र ना हे?"

मी हसलो. म्हणालो, "शेजारी आहेत. थोडं असंच आहे त्यांचं."

वासूभाऊ हाताच्या अंतरावर होते. त्यांनी ऐकलं की नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही.

त्यानंतर त्यांनी कॉफी केली नाही. हिवाळ्यात तंबू ठोकायला यायचे, रोडगे भाजायचे, धग तशीच विझू द्यायचे. आणि मी मेळ्यातली फजिती रंगवून-रंगवून पंगतीत सांगत फिरलो.

यंदा पोळ्यानंतर पाहिलं, तर वासूभाऊ मधल्या प्लॉटात वाकून तरोटा उपटत होते. शेंगा अजून हिरव्या होत्या. मी कुंपणातून विचारलं, "काऊन उपटून राह्यले?"

"ठेवून काय करू? कमल गेली, अन् मांगून हात गेला. तिच्या वक्ती बराबर जमे." मुळाची माती झटकत ते म्हणाले. "तिची तेवढी एकच गोष्ट माह्याजवळ होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाशी उभा राहून मी सगळं सांगितलं. विहीर, पुडी, पुण्याची मंडळी, सगळं. शेवटी म्हणालो, "तुमचा हात नाई गेला, वासूभाऊ. कॉफी पहिल्यापासून तशीच होती."

हे मी त्यांना दिलासा म्हणून सांगत होतो. वाक्य तोंडातून सुटल्यावर मला कळलं, मी काय बोललो ते.

वासूभाऊ कुंपणाजवळ आले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पहिल्यापासून?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"म्हणजे कमल ते तसंच पेत होती?"

ते घरात गेले. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने अंगणात गोवऱ्यांचा धूर दिसला. मागच्या कुठल्या वर्षीच्या बियांची भुकटी डब्यात राहिली असावी. ऊन कलेपर्यंत गंज राखेत होता, आणि मी कुंपणाच्या या बाजूला खुर्ची टाकून बसून राहिलो. जायची हिंमत होत नव्हती आणि उठवतही नव्हतं.

शिट्टी वाजली नाही. त्यांनीच हाक मारली, "येजो बे मनोहर. रिकाम्या हातानं येजो."

खिसे उलटे करून दाखवावेत असं वाटलं. त्यांनी कप दिला आणि समोर उकिडवे बसले. मी घोट घेतला. या खेपेला तोंड सावरायचं नाही, एवढं ठरवून आलो होतो. सावरलं नाही.

वासूभाऊंनी निरखून पाहिलं. पापण्या, नाक, ओठ, सगळं.

"एवढी खराब?"

"एवढी."

त्यांनी गंजातल्या काळ्या पाण्याकडे पाहिलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "अन् कमल दुसरा कप मांगे."

शेजारच्या घरात कुणाचा तरी टीव्ही चालू होता. वासूभाऊंनी पंच्याने तोंड पुसलं, धूर लागल्यासारखं. धूर त्यांच्याकडे नव्हता, माझ्याकडे येत होता.

मी कप संपवला, तळाच्या चोथ्यासकट. आणि पुढे केला.

"काऊन?" वासूभाऊ म्हणाले. "जबरदस्ती नाई."

"अजून हाये का?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. गंज उचलला आणि कप काठोकाठ भरला.