दिसलं नाही, दिसून राहिलं

माझ्या मोठ्या नणंदेला, प्रभाताईंना, चांगल्या बातमीची भीती वाटते. वाईट बातमीचं त्यांना काही नाही. एकदा आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या नळीने पेट घेतला. मी ओरडत अंगणात धावले, माझ्या मागे आमचे हे. ताईंनी शांतपणे रेग्युलेटर बंद केला, नळीवर ओलं पोतं टाकलं आणि वरून मला सांगितलं, "कढी उतू जाऊन राहिली होती, तेही उतरवली." पण आमच्या मुलाला बारावीला चांगले मार्क पडले, तेव्हा याच बाई दिवाणावर मटकन बसल्या. म्हणाल्या, "परत पाह्य गा. नंबर आपलाच आहे ना?"

ताई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवतात. लग्न केलं नाही. शहराच्या कडेला, बेशाच्या आमच्या घरात खाली आम्ही राहतो आणि गच्चीलगतच्या खोलीत त्या. यांचं गांधीबागेच्या बाजारात कापडाचं दुकान आहे. रात्री जेवताना हे कौतुकाने काही सांगायला लागले, की ताईंचा घास हातातच थांबतो.

"ताई, नवी स्कूटर भारी ॲव्हरेज देते."

"कितीदा पेट्रोल भरलं?"

"एकदा."

"मंग दिसलं नोको म्हनू, सुधाकर. दिसून राहिलं का ते सांग."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिसणं वेगळं, दिसून राहणं वेगळं. आमच्या लेकीला, पल्लवीला, पाहायला मंडळी आली, मुलगा सगळ्यांना आवडला, तेव्हा ताई भिंतीला टेकून घाबऱ्या आवाजात पुटपुटल्या, "एका घटनेवर काही म्हनता येत नाही." मुलाचे मामा ताडकन उठले. "घटना? आमच्या पोराची कोनती घटना तुमच्या कानावर आली?" ताईंच्या शास्त्रात कणांच्या प्रत्येक टकरीला घटना म्हणतात, हे मामांना समजावता समजावता पोहे गार झाले. लग्न झालं, पण मामा अजून ताईंपासून चार हात लांब बसतात.

ही भीती आली कुठून, ते मला सासऱ्यांकडून कळलं. ताई तरुण असताना एका परदेशी प्रयोगाच्या आकड्यांवर काम करत होत्या. तिथे प्रोटॉन एकमेकांवर आदळतात, त्यातून नाना कण निघतात, आणि त्यांच्या तुकड्यांची बेरीज मांडली, की आलेखावर कुठे कुठे उंचवटा दिसतो. उंचवटा म्हणजे तिथे क्षणभर कोणीतरी जन्मून फुटलं. ताईंना असा एक नवा उंचवटा, म्हणजे नवा कण, दिसला. त्यांच्या सरांनी सभा घेतली, हार घातले. सासऱ्यांची नरखेड तालुक्यात संत्र्याची बाग होती. त्यांनी एसटी स्टँडवर ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना पेढे वाटले. मग आणखी आकडे आले आणि तो उंचवटा पोळीसारखा सपाट झाला. तो कधी नव्हताच. तो खोटा निघाल्याचं सासऱ्यांनी गावात कोणाला सांगितलं नाही. त्यामुळे ताई गावी गेल्या, की कोणी ना कोणी विचारायचं, "काय वं पोरी, तुझा कण कसा आहे?" जसं माहेरी आलेल्या लेकीला बाळाचं विचारावं तसं.

ताईंनी गावी जाणं कमी केलं.

तर मागच्या उन्हाळ्यात, एका दुपारी ताई जिना उतरून आल्या. तोंड पांढरंफटक.

"रेखा, वर ये वं. काही तरी दिसून राहिलं."

आमच्या भागात अजून मोकळे प्लॉट आहेत, साप निघतात. मी काठी उचलली. वर गेले तर टेबलावर संगणक. पडद्यावर काळ्या ठिपक्यांची रांग, आणि मध्ये एक लहानसा फुगवटा, लेकराच्या गालासारखा.

"हे?"

"हळू बोल." ताई त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "काठी कायले आनली?"

मी म्हटलं, मला समजेल असं सांगा. त्यांनी कोपऱ्यातल्या मडक्याकडे बोट दाखवलं. "मडकं घेताना तू काय करते? वाजवून पाहते. आत कसं आहे ते आवाजावरून समजते. ह्या कणाच्या आत तीन क्वार्क, म्हनजे त्याहून बारीक कण, आहेत. ते बाहेर काढून दाखवता येत नाहीत. मंग त्याले ऊर्जेचा धक्का बसला, की तो कोनकोनत्या सुरात वाजते ते आयकायचं. असा प्रत्येक सूर म्हनजे एक उत्तेजित अवस्था."

"हे शब्द पाहुण्यांसमोर नका बोलू जी."

त्या हसल्या नाहीत. "आतले तिघं मोकळे फिरत असले तर सूर जास्त निघतात. दोघं चिकटून असले तर कमी. म्हनून एकेक नवा सूर मोलाचा असते. त्यानं कळते, आत ते कसे बांधले आहेत." मग हळूच म्हणाल्या, "हा फुगवटा म्हनजे तसाच एक नवा सूर. जर खरा असन तर."

त्यानंतर ताई त्या फुगवट्याच्या जिवावर उठल्या. आपण शोधलेली गोष्ट कोणी जपतं. ताई ती मारायला बसल्या. आकडे अर्धे करून पाहिले. प्रयोगाच्या यंत्रातल्या चुंबकाची दिशा उलटी असतानाचे वेगळे काढून पाहिले. एका कणाला चुकून दुसरा समजलो असू म्हणून ओळखी बदलून पाहिल्या. दुपारी संगणकावर प्रयोगातल्या परदेशी सोबत्यांशी बोलायच्या, आणि रोज संध्याकाळी खाली येऊन भेदरून सांगायच्या, "मरून नाही राहिला वं."

"मग चांगलंच आहे ना!"

"चांगलं नोको म्हनू!" कानावर हात.

ताईंचं जेवण सुटलं. कोणी जोरात हसलं तरी त्या दचकत. ती भीती मलाही लागली. भांडी घासताना मनात यायचं, त्या गालासारख्या फुगवट्याचं आज काय झालं असेल? क्वार्क मी आयुष्यात पाहिला नाही, पण देवापुढे दिवा लावताना त्याचं नाव तोंडात यायला लागलं.

शेवटी प्रयोगातल्या सगळ्या देशांतल्या लोकांपुढे मांडायचा दिवस आला. सभा संगणकावरच, आपल्याकडच्या भर दुपारी. ताई म्हणाल्या, "बाजूले बस. दिसू नोको फक्त." मलाही ऐकू यावं म्हणून त्यांनी कानाला लावायचं यंत्र काढून ठेवलं; मी स्टुलावर बसले. टेबलाखाली त्यांनी माझं मनगट धरलं ते सभा संपेपर्यंत सोडलं नाही. कोणी तरी जाड आवाजाचा माणूस खोदून खोदून विचारत होता. इंग्रजी मला पुरतं कळत नव्हतं, पण त्याने प्रश्न केला, की मनगटावरची बोटं आवळायची. ताईंचा आवाज मात्र एकदाही कापला नाही. बऱ्याच वेळाने त्याचे प्रश्न संपले. मग टाळ्या ऐकू आल्या.

"काय झालं जी?"

"मानलं त्यांनी. टिकला तो. गणितवाल्यांच्या अंदाजाहून थोडा हलका निघाला. आता ते आपलं गणित तपासतील." एवढं बोलून त्यांना हुडहुडी भरली. ताप दोन दिवस उतरला नाही. हे दुकानातून येताना बर्फीचा डबा घेऊन आले, तर पलंगावरूनच म्हणाल्या, "वाटू नोको गा. दुसऱ्या प्रयोगात दिसू दे आधी."

मला वाटलं, चला, सुटलो.

पुढच्या आठवड्यात वाळलेले कपडे आणायला मी गच्चीवर गेले. ताईंच्या खोलीचं दार उघडं होतं. केस नीट विंचरलेले, बरी साडी, कानाला लावायचं यंत्र गळ्यात. संगणक बंद.

"आज मीटिंग आहे का जी?"

"नाही वं. संपलं ते. जो तो आपापल्या कामाले लागला."

"मग काहून बसून राहिल्या?"

ताई टेबलावरची धूळ बोटाने पुसत राहिल्या. "लय भेव वाटलं मले. खोटं निघन याचं. अन् खरं निघालं तर हे संपन, याचंही." मग म्हणाल्या, "त्या मीटिंगीत सारे मले प्रभा म्हन्तात. कॉलेजात मॅडम, घरी ताई, आत्या. बाबा गेल्यावर नावानं कोनी हाक मारली नाही. इथं दुपारी कोनी तरी विचारे, प्रभा, आवाज येऊन राहिला का? तेवढंच."

कपडे पोटाशी धरून मी उभी. मोठी नणंद. सासूबाई असत्या तर जीभ हासडली असती.

"प्रभा," मी म्हटलं. "चहा मांडून राहिली मी. खाली येते का वं?"

त्यांनी धुळीतलं बोट उचलून माझ्याकडे पाहिलं.

"आलं आहे का घरात?"

"आहे."

"मंग टाक थोडं."

त्यांनी गळ्यातलं यंत्र काढून ठेवलं, माझ्या हातातले अर्धे कपडे घेतले, आणि माझ्यापुढे जिना उतरायला लागल्या.