आडवी गाडी, उभा हवालदार

केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातले दिगंबर परचुरे बदली होऊन चंदीगडला आले, तेव्हा त्यांच्यापाशी एक पत्नी, एक प्रेशर कुकर आणि एक मोटार होती. तिघांत मोटार सर्वांत लहान नव्हती, पण बघणाऱ्याला तसं वाटायचं खरं. दोन दारं, दोन माणसं, फायबरचं अंग. सेक्टर एकोणचाळीसमधली मंडळी तिला 'डबी' म्हणत.

ती पंजाबातल्या दहशतवादाची वर्षं. दिवेलागण झाली की बाजार गुंडाळायचे, नाक्यानाक्यावर वाळूची पोती आणि त्यांच्यामागे बंदुका. रस्त्यात बेवारस डबा दिसला तर शहाणी माणसं वळसा घालून जात. अशा शहरात परचुऱ्यांना जिवाभावाचं एकच माणूस मिळालं, ते म्हणजे शेजारचे बाजवाजी. वीजमंडळातून निवृत्त झालेले, सहा फुटी सरदार. दोन घरांमधल्या मेंदीच्या कुंपणाला एक भगदाड होतं. त्यातून रोज संध्याकाळी बाजवाजी वाकून यायचे, हातात बागेतले मुळे नाहीतर सरसोंच्या भाजीची जुडी. प्रतिमाबाई चहा टाकायच्या, पुरणपोळी झाली की पहिली त्या भगदाडातून पलीकडे जायची. परक्या मुलखात दिगंबररावांचा जीव त्या तासाभराच्या चहात होता. बाकी सगळं नोकरीपुरतं.

आता गाडीचं. दारापुढे समोरच्या चोप्रासाहेबांची अॅम्बॅसडर आणि एका ठेकेदाराची जीप अशी काही ऐसपैस लागायची, की मध्ये उरायची जेमतेम एका बैलाची जागा. दिगंबरराव रोज कोपऱ्यापर्यंत जाऊन गाडी लावत आणि चरफडत चालत येत. एके दिवशी बाजवाजीच म्हणाले, अहो, हिची लांबी ती काय, आडवी घाला. स्वतः रस्त्यात उभं राहून, हातवारे करून त्यांनी डबी फुटपाथला पाठ आणि रस्त्याला तोंड करून त्या फटीत बसवली. इंच न इंच बसली. दोघांनी त्या आनंदात एकेक कप चहा जास्त घेतला.

लोकांना काही ते सोसलं नाही. येणारे जाणारे थांबून बघत. कोणी म्हणे, ही शिस्त नव्हे. कोणी म्हणे, दक्षिणेकडे असंच लावतात. चोप्रासाहेबांनी तक्रार केली, तसा बीटवरचा शिपाई पावतीपुस्तक घेऊन आला. पण कलम लावायचं कुठलं? गाडी फुटपाथवर नव्हती, रस्ता अडवत नव्हती, आणि गाडी आडवी असू नये असं नियमात कोणी लिहिलंच नव्हतं. कारण हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शिपायाने विचारलं, परवानगी कोणाची? दिगंबररावांना पोलिसांपुढे हिंदी सुचत नसे. चूक होण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं म्हणून ते नुसते हसले. शिपाई एकदम सावध झाला, सलाम ठोकून निघून गेला.

त्याचं म्हणणं साधं होतं. रस्त्याकडे तोंड करून, चावी फिरवली की सुटेल अशी गाडी कोण लावतं? ज्याला केव्हाही पळावं लागेल तो. आणि विचारलं तर सांगत नाही कोण? ज्याला तसा हुकूम आहे तो. आठवड्याभरात 'वाहनस्थिती व धोका-निर्धारण कक्षा'चे इन्स्पेक्टर सूद दारात हजर. त्यांनी विचारलं, आपल्याला जिवाचा धोका आहे का? दिगंबररावांनी शपथेवर सांगितलं, नाही हो, मला कोण मारणार.

सूदसाहेबांनी मान डोलावली. "ज्यांना खरोखर असतो ते असंच म्हणतात. ज्यांना नसतो ते रोज माझ्या कचेरीत येऊन मागतात."

दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी हवालदार मेहरचंद उभा राहिला, कार्बाइन बंदुकीसह. डबीत दोनच माणसं मावत, तेव्हा शेजारी मेहरचंद बसू लागला आणि प्रतिमाबाई बसने जाऊ लागल्या. पण काय सांगू, दिवस पालटले. धोका आल्यास कळवायला हवा म्हणून एरवी वर्षानुवर्षं अडणारा टेलिफोन दोन दिवसांत लागला. गॅसवाला वारंवार फाटकाशी येणं धोक्याचं, म्हणून सिलिंडर जोडीने आले. खिडकीतून बाहेर डोकावणारी कार्बाइन पाहून नाके आपोआप उघडत. चोप्रासाहेब रस्ता ओलांडून नमस्कार करायला येऊ लागले. पुढे त्यांना रात्रीची झोप लागेना. या मद्राशाला धोका आणि मला नाही? (मराठी माणूस तिथे मद्राशीच.) एका रविवारी त्यांनी आपली अॅम्बॅसडर आडवी लावली. निम्मी गाडी रस्त्यात. मग ठेकेदाराने जीप आडवी केली. महिन्याभरात तो रस्ता असा झाला की दूधवाला सायकल खांद्यावर घेऊन यायचा. तक्रार मात्र कोणी करेना. न जाणो, कोणाची आडवी गाडी खरी असेल.

आणि बाजवाजी? पहिल्याच संध्याकाळी मेहरचंदने ते भगदाड काटेरी तारेने बुजवून टाकलं. तिसऱ्या संध्याकाळी बाजवाजी फाटकाकडून आले. त्याने त्यांना हात वर करायला लावले, पगडीपासून मोज्यांपर्यंत चाचपलं, मुळ्यांची जुडी उकलून एकेक मुळा मोडून पाहिला. बाजवाजींनी व्हरांड्यात उभ्या असलेल्या दिगंबररावांकडे पाहिलं. हा आपलाच माणूस आहे, एवढंच दिगंबररावांनी म्हणायचं होतं. पण सूदसाहेबांनी बजावलं होतं, तपासणीत ढवळाढवळ केली तर संरक्षण रद्द. आत नवा टेलिफोन पहिल्यांदाच खणखणत होता.

"हो जाने दीजिए, बाजवाजी. सिस्टम है."

बाजवाजी हसले. चहा प्याले, तो अर्धाच. असं चार-पाच वेळा झालं. एकदा रस्त्यातल्या सगळ्यांसमोर झालं, आणि ठेकेदार मुद्दाम थांबून बघत होता. त्यानंतर बाजवाजी यायचे थांबले. प्रतिमाबाई म्हणाल्या, "अहो, गाडी सरळ लावा नि घालवा ती ब्याद. तुम्हाला कळतंय का आपण कोणाला गमावतोय?" कळत होतं. रात्री जीव तुटायचा. सकाळी मात्र दोन सिलिंडर शेजारी शेजारी बघितले की दिगंबरराव म्हणायचे, बघू पुढच्या आठवड्यात.

त्यांना बघावं लागलं नाही. सूदसाहेब आढावा घ्यायला आले आणि म्हणाले, अभिनंदन, आपल्याकडे संशयास्पद म्हणावा असा एकच माणूस येत होता, तोही यायचा थांबला, सबब धोका संपुष्टात आला आहे. दिगंबरराव चपापले. ज्या माणसाने शपथेवर धोका नाकारला होता तो आता गयावया करू लागला, साहेब, थोडासा तरी उरला असेल की, नीट बघा. सूदसाहेबांनी बघितलं. उरला नव्हता. मेहरचंद गेला, टेलिफोन गेला, दुसरा सिलिंडर गेला. डबी पुन्हा कोपऱ्यावर सरळ उभी राहू लागली.

घर खायला उठलं. चहाच्या वेळी दोघं एकमेकांशी काय बोलायचं ते शोधत बसत. शेवटी प्रतिमाबाईंनी बेसनाचे लाडू वळले, डबा नवऱ्याच्या हातात कोंबला आणि म्हणाल्या, जा, पाय धरा त्यांचे. कुंपणातली तार तशीच होती. दिगंबरराव रस्त्याने वळसा घालून बाजवाजींच्या फाटकाशी आले आणि थबकले.

बाजवाजींची म्हातारी फियाट आडवी उभी होती, पाठ बागेत, तोंड रस्त्यात. मुळ्यांचा वाफा चाकाखाली गेला होता. फाटकाशी मेहरचंद.

"किससे मिलना है, जनाब?"

सहा महिने घरी आमटी-भात खाल्लेला माणूस. दिगंबररावांनी ओळख द्यायचा प्रयत्न केला. मेहरचंद खालमानेने म्हणाला, सगळं खरं, पण ज्या घरात मुळात धोका होता त्या घरातून आलेला माणूस तपासल्याशिवाय सोडायचा नाही असा हुकूम आहे. मग त्याने चाचपलं, खिसे उलटे केले, डबा उघडला आणि एकेक लाडू फोडून बघितला. तूप त्याच्या बोटांवरून ओघळलं. चोप्रासाहेब मुद्दाम थांबून बघत होते.

व्हरांड्यात बाजवाजी उभे होते. त्यांच्या मागे, आत, टेलिफोन खणखणत होता. दिगंबररावांनी त्यांच्याकडे बघितलं. बाजवाजींचे डोळे भरून आले होते, नाही असं नाही. ते एक पाऊल पुढेही आले आणि मग थांबले.

"हो जाने दो, दिगंबरजी," ते म्हणाले. "सिस्टम है."

दिगंबररावांनी हात वर केले. लाडवांचा भुगा तसाच घेऊन ते चहाला आत गेले, आणि चहा त्यांनी अर्धाच घेतला.

हसा, मंडळी, खुशाल हसा. मात्र दोन सिलिंडर आणि टेलिफोन दारात आलेले असताना आपण एवढं एकच वाक्य बोललो असतो, "मेहरचंद, सोड त्यांना," असं ज्यांना छातीवर हात ठेवून सांगता येईल त्यांनी हात वर करावेत. बाकीच्यांचे तसेही वर करून घेतले जातील.